शब्दचर्चा : महाविलोपनाच्या आधीची आणि नंतरची ‘प्रवाळभित्ती’

प्रश्न :
सोलापुरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलींकडून तक्ता करून घेते आहे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळ संपताना समुद्रातल्या दहापैकी आठांहून अधिक जाती संपल्या, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रवाळांचे जीवाश्म असा विषय आहे. प्रवाळ लिहावे की पोवळे? नामशेष, विलोपन, निर्वंश यांतले काय घ्यावे? मुलींचे वाक्य असे आहे : ‘प्रवाळभित्ती नष्ट झाल्या व काही काळाने पुन्हा उभ्या राहिल्या.’

उत्तर :
ताई, पोवळे नको. सराफाकडचे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातल्या ज्या प्रवाळाचे असते, तो भित्ती बांधत नाही. ‘प्रवाळ’च ठेवा.

खरी अडचण ‘पुन्हा’ या शब्दात आहे. आधीचे प्रवाळ रुगोसा आणि टॅब्युलाटा या गटांचे. त्यांचा सांगाडा कॅल्साइटचा (चुन्याचे एक स्फटिकरूप), आणि रुगोसाच्या आतले पडदे चारच्या हिशेबाने वाढत. हे दोन्ही गट तेव्हा समूळ गेले. नंतर सुमारे ५० लाख वर्षांच्या खडकांत प्रवाळाचा सांगाडाच सापडत नाही. पर्मियननंतरच्या ट्रायासिक काळाच्या मध्यात जे दिसू लागतात ते स्क्लेरॅक्टिनिया : सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा (चुन्याचेच दुसरे स्फटिकरूप), पडदे सहाच्या हिशेबाने. हे रुगोसाचे वंशज नव्हेत. समुद्रफुलासारख्या मऊ, सांगाडा नसलेल्या पूर्वजांपासून ते आले असावेत. आजचे भित्ती बांधणारे प्रवाळ याच गटातले. एकाच नावामुळे वाचकाला वाटते की जुनेच घराणे परत आले. मुलींना दोन्हींचे आडवे छेद शेजारी काढायला सांगा, फरक डोळ्यांना दिसेल.

शिवाय सगळ्या जुन्या भित्तींना ‘प्रवाळभित्ती’ म्हणू नये. टेक्सासमधली पर्मियन काळातली प्रसिद्ध कॅपिटन भित्ती मुख्यतः स्पंज आणि शैवालांनी रचली, प्रवाळांचा वाटा किरकोळ. तिथे नुसते ‘भित्ती’ लिहा आणि बांधणाऱ्याचे नाव जोडा : स्पंजभित्ती. ट्रायासिकच्या शेवटाकडची, ऑस्ट्रियातली डाखश्टाइनची भित्ती मात्र प्रवाळभित्ती म्हणायला हरकत नाही.

घटनेला ‘महाविलोपन’ म्हणा, आणि रुगोसाचा ‘निर्वंश झाला’ असे लिहा. मागे वारस उरला नाही, हा अर्थ ‘नामशेष’मध्ये इतका नेमका उतरत नाही.

दुसरे मत :
निर्वंश आमच्याकडे शिव्याशापात येतो. मुलींच्या तक्त्यावर तो कानाला टोचेल.

उत्तर :
टोचू द्या. घडले तेही तसेच होते.

विचारणाऱ्या ताई :
वाक्य आता असे केले : ‘जुन्या प्रवाळांचा निर्वंश झाला, लाखो वर्षांनी वेगळ्याच वंशाचे प्रवाळ भित्ती बांधू लागले.’ एका मुलीने विचारले, भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडात प्रवाळ सापडेल का?

उत्तर :
नाही. तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पर्मियनच्या फार नंतरचा. पण तिचा प्रश्न तक्त्याच्या कामाचा आहे. पर्मियनच्या शेवटी सायबेरियात असाच अफाट लाव्हा वाहिला. त्यासोबतच्या कार्बन डायऑक्साइडने समुद्र तापला, त्यातला प्राणवायू घटला, पाणी आम्लाकडे झुकले आणि चुन्याचे सांगाडे बांधणाऱ्यांना जगणे अवघड झाले. आपल्याकडच्या लाव्हाच्या थरांना ‘दख्खन ट्रॅप’ हा शब्द रुळलेला आहेच, म्हणून तिथे ‘सायबेरियन ट्रॅप’ असेच लिहा, नवा शब्द घडवू नका.