घरमंडळीला समाजसुधारणा झेपते का?

उंबरठा (धागाकर्ता)

इमारत नाही, पगारी पाळक नाही, वर बिशप नाही. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत दहा-पंधरा माणसं जमतात, बायबल वाचतात, प्रार्थना करतात, एकत्र जेवतात. ही घरमंडळी. समाजसुधारणेसाठी मोठ्या चर्चपेक्षा ही घडण जास्त कामाची, असं माझं मत आहे. तीनशेंच्या उपासनेत कुणाची नोकरी गेली तर महिनाभर पत्ता लागत नाही. बारा जणांत पुढच्याच बैठकीला त्याचा चेहरा बोलतो.

दाखला इंग्लंडातल्या 1742 च्या ब्रिस्टलचा. जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या अनुयायांना, म्हणजे मेथडिस्टांना, सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा जणांचे गट पडले, प्रत्येक गटाला एक नायक. त्याने आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची, ज्याला जमणार नाही त्याची पदरची भरायची. नायक दारोदार फिरू लागले तेव्हा कुणी बायकोशी भांडताना सापडला, कुणी दारूत. निघाले होते वसुलीला, सुरू झाली विचारपूस.

शंकेखोर

दाखला चांगला, पण तुमच्याच विरोधात जातो. त्या गटांना मोकळीक कुठे होती? दर तीन महिन्यांनी प्रत्येक सभासदाची चौकशी व्हायची आणि नवं तिकीट मिळायचं. तिकीट नाही तर बैठकीत प्रवेश नाही. 1744 पासून वरती वार्षिक परिषदही होती. बारा जणांचा गट चालला, कारण त्याच्यावर कुणीतरी नजर ठेवून होतं.

आणि घरात जमलं की समता आपोआप येते हाही भ्रम. ग्रीसमधल्या करिंथची पहिल्या शतकातली ख्रिस्ती मंडळी घरातच जमायची ना? प्रेषित पौल तिला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात रागावतो, की एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. हे कसं होत असेल याचा अभ्यासक लावतात तो एक अंदाज असा: सधन रोमन घरात जेवणाच्या खोलीत तीन बाकांवर जेमतेम नऊ जण आडवे होऊन जेवत. बाकीचे बाहेरच्या चौकात. आतल्या जागा यजमानाच्या बरोबरीच्यांना, आणि काम संपवून उशिरा येणारे मजूर-गुलाम चौकात, उरलंसुरलं खात. घराच्या भिंतींनीच पंक्तिभेद केला.

पौलाने ज्याला पत्र लिहिलं त्या फिलेमोनाच्या घरी मंडळी भरत होती आणि अनेसिम त्याचाच गुलाम होता, हेही आहेच.

माजघर

करिंथच्या मुद्द्याशी सहमत. जागा ज्याची, शब्द त्याचा. म्हणून बैठक एकाच घरी ठेवू नये, सहा-आठ आठवड्यांनी घर बदलावं. ज्यांच्याकडे एकच खोली आहे त्यांच्याकडेही, भले चौघं दारात बसोत.

पण खरी अडचण वेगळीच. एखादी बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलली आणि गटाचा पुढारी नवऱ्याचा भाऊ निघाला, तर तिने जायचं कुठे? मोठ्या चर्चमध्ये निदान वर अर्ज करता येतो. घरमंडळीत ‘प्रार्थना करू, तू क्षमा कर’ इथे विषय संपतो. यावर उपाय एकच चालतो: दुसऱ्या मंडळीतली दोन माणसं, त्यातली एक बाई, आधीच नेमून ठेवायची आणि त्यांचे नंबर सगळ्यांना द्यायचे. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याच्या घरी तिचा निकाल लागेपर्यंत बैठक नाही. गुन्हा असेल तर सरळ पोलिसांत, त्यासाठी मंडळीचं मत घ्यायचं नाही.

उंबरठा

शंकेखोर, नजर हवी हे मान्य. पण चूक आधी दिसते कुणाला? 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. तिथले क्वेकर (पगारी पाळक न ठेवणारा ख्रिस्ती पंथ) तेव्हा घरातच जमत. त्यांनी ते आपल्या वरच्या मासिक सभेकडे पाठवलं. तिने ‘आमच्या आवाक्याबाहेरचं’ म्हणून त्रैमासिक सभेकडे ढकललं, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने निर्णय द्यायचंच टाळलं. घराला दिसलं, वरच्यांनी फाइल फिरवली.

शंकेखोर

फिरवली, खरंच. पण पुढे? तो कागद बासनात गेला आणि 1844 ला पुन्हा सापडला. गुलाम बाळगणाऱ्याला सभासदच ठेवायचं नाही, हे फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने 1776 ला ठरवलं. अठ्ठ्याऐंशी वर्षं! पण ते ठरलं तेव्हा एकदम सगळ्या सभांना लागू झालं. एकटी जर्मनटाउनची मंडळी हे करू शकली नसती.

इंग्लंडात तर याहून स्पष्ट आहे. 1670 च्या कायद्याने घरच्यांखेरीज पाच किंवा जास्त माणसं जमवून उपासना केली तर घरमालकाला वीस पौंड दंड. क्वेकर सभांनी दंडापोटी होणाऱ्या जप्तीची नोंद ठेवली: तारीख, नाव, काय नेलं, किंमत किती. गावोगावच्या नोंदी लंडनला जमल्या, त्यावर अर्ज-विनंत्या झाल्या. हीच शिस्त पुढे कामाला आली. 1783 ला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत अर्ज, त्याच कामासाठी झालेल्या 1787 च्या समितीत बारापैकी नऊ क्वेकर, 1807 ला व्यापारबंदीचा कायदा. यात प्रार्थनेइतकाच वाटा वहीचा आहे.

हिशेबनीस

वहीचा विषय निघालाच आहे तर पैशाचं बोलतो, कारण घरमंडळ्या मोडतात त्या बहुतेक इथेच.

पेटीला दोन कुलपं, चाव्या दोन वेगळ्या घरांत. मोजणारे दोघे एकमेकांच्या नात्यातले नकोत, आणि यजमान त्यात नको. आकडा त्याच बैठकीत वाचायचा, वहीत तारीख आणि दोघांच्या सह्या. अन्न-औषधाची मदत दोघांच्या संमतीने त्याच दिवशी. भाडं, फी अशी मोठी रक्कम सगळ्यांना विचारून, आणि ती थेट घरमालकाला किंवा शाळेला द्यावी.

उसने मात्र कधीही देऊ नका. परतफेड रखडली की माणूस तोंड चुकवतो, मग बैठकीला यायचा थांबतो. पैसा जातो आणि माणूसही. द्यायचं तर दान म्हणून द्या.

दुसरं गणित. बारा घरांच्या पेटीत एक मोठं आजारपण आलं की खडखडाट. म्हणून पाच-सहा मंडळ्यांनी जमेचा तिसरा हिस्सा सामाईक निधीत ठेवावा. सगळ्यांकडे एकदम संकट सहसा येत नाही. (एकाच कारखान्यात सगळे कामाला असतील तर येतं. तेव्हा मंडळ्या निवडतानाच वेगवेगळ्या धंद्यातल्या घ्याव्या.)

आणि वाटप कुणाकडे? वाढपी ओळखीचा असला की काय होतं ते सांगायला नको. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांना डावललं जातं अशी कुरकुर झाली. मग जे सात जण नेमले त्या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हाती पळी दिली.

माजघर

+1. गट पंधराच्या वर गेला की फोडतात तेव्हाही हेच पाहावं. ओळखीने वाटणी केली की कमावते एका गटात आणि गरजू दुसऱ्यात जातात.

शंकेखोर

वही, निधी, बाहेरचे दोघे, वाटपाचे नियम... हे चर्चच झालं की!

हिशेबनीस

नाही. निधी सांभाळणारे दरवर्षी बदलायचे. आणि एखादी मंडळी बाहेर पडली तरी तिच्या दाराला कुणी कुलूप लावू शकत नाही, दार तिचंच आहे.

शंकेखोर

दार तिचं, पण निधीतला वाटा कुणाचा? तो पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.