लोकलच्या गर्दीत सजगतेचा सराव कसा करावा?

प्रश्न: नुकतेच इगतपुरीच्या धम्मगिरीत १० दिवसांचे विपश्यना शिबिर केले. तिथे मन स्थिर होत असे. परंतु डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या सकाळच्या जलद लोकलमध्ये, जिथे वर केलेला हात खाली घेता येत नाही, तिथे श्वासाकडे लक्ष कसे द्यावे?

उत्तर १: आनापानात, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याच्या ध्यानात, श्वास बदलायचा नसतो, नाकपुड्यांपाशी तो जसा येतो-जातो तसा केवळ जाणायचा असतो, त्यामुळे उभ्यानेही ते साधते. मी ठाणे ते घाटकोपर एवढाच टप्पा ठरवला आहे. डोळे मिटत नाही. कडीचा बोटांवरचा दाब, मुलुंडला ब्रेक लागताच टाचांवरून चवड्यांवर सरकणारा भार, एवढेच पाहतो. मन कचेरीत पोहोचले की न रागावता त्याला परत आणतो.

उत्तर २: दादांशी सहमत आहे, मात्र दारात उभे असताना हा सराव कृपया करू नये, तिथे सगळे लक्ष दांड्यावरच हवे. महिलांच्या डब्यात चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली असताना मला श्वास सापडत नाही, म्हणून मी आवाज ऐकते: रुळांचा ठेका, आणि शेजारच्या ताई गवार निवडतात तेव्हा शेंग मोडल्याचा बारीकसा ‘कट्’.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्या ठाण्यापासून सुरुवात करतो.