आवारातली विहीर बुजवायची का?

२०२ (दादा), सकाळी ७:४०
सगळ्यांना नमस्कार. काल परत गाडी रस्त्यावर लावावी लागली, सकाळी बघतो तर आरसा मोडलेला. मागची विहीर आता कुणी वापरत नाही. मुरूम टाकून बुजवली आणि वर पेव्हर बसवले तर दोन गाड्या आरामात बसतील. कंत्राटदार सोमवारी बघायला येतोय. कुणाची हरकत नाही ना?

१०१ (ताई), ७:५२
माझी नाही. आमचं लहान आता पळायला लागलंय, मागं गेलं की जीव वर-खाली होतो. शिवाय डास आहेतच.

२०१, ८:०५
चालेल.

तळमजला (काकू), ८:४८
दादा, माझी हरकत आहे. फोनवर एवढं लिहायची सवय नाही, पण आज लिहिते.
मी लग्न होऊन बेळगावात, या टिळकवाडीत आले तेव्हा इथं अपार्टमेंट नव्हतं, आमचं कौलारू घर होतं. १९९५ साली पाण्याची फार टंचाई झाली. पालिकेलासुद्धा शहरातल्या जुन्या विहिरींकडं वळावं लागलं. आपल्या विहिरीवर पहाटे चारला रांग लागायची. घराला चार घागरी, हा सासूबाईंचा नियम. मागच्या गल्लीतल्या अक्कांना मराठी येत नव्हतं, सासूबाईंना कन्नड येत नव्हतं. दोघी आपापल्या भाषेत भांडायच्या, पण नंबर कुणाचा चुकला नाही. त्या मे महिन्यातही तळाशी झरा चालू होता. मी स्वतः उतरून गाळ काढलाय, जांभ्याच्या चिऱ्यांतून पाणी पाझरताना बघितलंय. ते बंद करायला माझा हात वर होणार नाही.
१९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्या हजारो माणसांसाठी विहीर खोदली होती. काँग्रेस विहीर अजून आहे. आपल्या वस्तीची ओळख पाण्यावरून आहे बघा.

३०१ (अण्णा), ९:०२
काकू बरोबर बोलल्या बघा. मी हुबळीचा. आमच्या घरी आठवड्यानं एकदा नळ यायचा. कुणीतरी "नीर बंतु!" (पाणी आलं!) म्हणून ओरडलं की जेवणाच्या ताटावरून उठायचं. जमिनीखालची टाकी भरा, ड्रम भरा, बादल्या भरा. इथं आल्यावर पहिले सहा महिने मी विनाकारण बादल्या भरून ठेवायचो. ज्यानं ते दिवस काढलेत तो विहीर बुजवायचं म्हणणार नाही.

२०२ (दादा), ९:१०
पण आता ते दिवस राहिले नाहीत की. २००८ पासून शहराच्या दहा वॉर्डात चोवीस तास पाणी झालं. आपल्याकडंही येईल.

३०२ (काका), ९:३५
येऊ दे, चांगलंच आहे. पण ते राकसकोप नाहीतर हिडकल धरणातून पंप करून येणार. मध्ये जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की नळ कोरडा. गेल्या उन्हाळ्यात चार दिवसांत तीन टँकर आपणच मागवले.
आता हिशेब बघा. बेळगावला वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर. आपली गच्ची २,००० चौरस फूट, म्हणजे १८६ चौरस मीटर. वीस टक्के वाया गेलं धरलं तरी १,९०,००० लिटरच्या वर पाणी आपण दर पावसाळ्यात गटारीत सोडतो. गच्चीचे दोन पाइप खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडायचे. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर काढायचं, मग आत घ्यायचं. संडास, झाडं, गाड्या धुणं यावर भागेल.
आणि बुजवलेली जागा खचते. खाली झरा जिवंत असेल तर पेव्हर दोन पावसाळ्यांत खाली जातील, वर तुमची गाडी.

१०१ (ताई), ९:४१
आणि बाळाचं काय, काका?

३०२ (काका), ९:४६
ताई, ती काळजी रास्त आहे, ते आधी करायचं. माणसाचं वजन पेलेल अशी लोखंडी जाळी, कुलूप लावून. खाली बारीक मच्छरजाळी, आत गप्पी मासे. कठडा एक फूट वाढवू.

१०१ (ताई), ९:५०
कुलूप असेल तर विहीर राहू दे, माझी हरकत नाही. पण आधी जाळी, मग पाइप.

२०२ (दादा), १०:०४
सगळं पटलं. पण माझी गाडी? रोज रात्री खिडकीतून बघत झोपतो.

तळमजला (काकू), १०:२०
दादा, तुमची अडचण खोटी नाही. माझ्या खिडकीखालची जास्वंद आणि कर्दळीची पट्टी काढा. फाटकाजवळचा मोडका हौदही पाडा. एक गाडी नक्की बसेल.

२०२ (दादा), १०:२३
काकू, ती जास्वंद तुमच्या सासूबाईंनी लावलेली ना?

तळमजला (काकू), १०:३१
हो. फांदी कुंडीत जगते. विहीर कुंडीत लावता येत नाही.

३०१ (अण्णा), १०:३८
हौद पाडायला मी येतो, माझ्याकडं पहार आहे. जागा आधी मोजूया, जास्वंद वाचते का बघू. सोमवारी कंत्राटदाराला जाळीचं माप घ्यायला सांगा. तोंड किती फूट, काका?

३०२ (काका), १०:४०
आठ. कठड्यासकट साडेनऊ.