विंधन विहिरीवरील जलधर चाचणीसाठी कोणती उपकरणे आवश्यक आहेत?

प्रश्न

भेगाळ कठीण खडकातील एका विंधन विहिरीवर जलधराची (पाणी साठवणाऱ्या व वाहू देणाऱ्या खडकाच्या थराची) चाचणी घ्यावयाची आहे. विहिरीचा व्यास १६५ मिमी, खोली ६० मीटर, स्थिर जलपातळी ९ मीटरवर आणि केसिंग १४ मीटरपर्यंत आहे. २२ मीटर अंतरावर वापरात नसलेली दुसरी विंधन विहीर आहे. ट्रान्समिसिव्हिटी (जलधराच्या पूर्ण जाडीतून पाणी वाहू देण्याची क्षमता) आणि साठवण गुणांक (पातळी उतरली की जलधर किती पाणी सोडतो त्याचे माप) ही दोन्ही मूल्ये हवी आहेत. सध्या आमच्याकडे पाण्याला टेकताच आवाज करणारी मापन फीत आणि पाणबुडी पंप एवढेच आहे. बादलीभर पाणी ओतून स्लग टेस्ट (पातळी एकदम बदलून ती किती वेगाने पूर्ववत होते ते पाहण्याची चाचणी) करून पाहिली, परंतु दुसरी नोंद घेण्यापूर्वीच पातळी पूर्ववत झाली. प्रेशर ट्रान्सड्यूसर (पाण्याच्या दाबावरून पातळी नोंदवणारे उपकरण) घ्यावा का, आणि पॅकरची (विहिरीचा एखादा भाग फुगवून बंद करणाऱ्या डाट्याची) गरज आहे का?

उत्तर १

ओतलेले पाणी केसिंगच्या भिंतीवरून ओघळत उतरते, त्यामुळे चाचणीचा आरंभक्षणच निश्चित होत नाही. त्याऐवजी दोन्ही टोके बंद केलेला नळकांड्यासारखा भरीव स्लग वापरावा. मात्र आकार हिशेबाने ठरवा: ५ सेंमी व्यासाचा, दीड मीटर लांबीचा स्लग सुमारे २.९ लिटर पाणी बाजूला सारतो आणि आपल्या विहिरीत पातळी जेमतेम १४ सेंमी चढते. १० सेंमी व्यासाचा घेतला तर ती ५५ सेंमी चढते. हा मोठा स्लग जवळजवळ १२ लिटर पाणी विस्थापित करतो, तेव्हा वाळू भरून त्याचे वजन १२ किलोपेक्षा बरेच अधिक केले नाही तर तो तरंगत राहील.

पातळी इतक्या वेगाने सावरत असल्यास हवेच्या दाबाची पद्धत अधिक स्वच्छ ठरते. केसिंगचे तोंड हवाबंद करून आत दाब द्यायचा, पाणी खाली सरकून स्थिर झाले की झडप एकदम उघडायची. ५० हेक्टोपास्कल दाबाने पातळी सुमारे ५१ सेंमी खाली जाते. ती केसिंगच्या तळाच्या वरच राहिली पाहिजे, आणि आपल्याकडे ५ मीटरचा वाव आहे. पाण्यातील ट्रान्सड्यूसर हवा आणि पाणी यांचा एकत्रित दाब मोजतो, म्हणून त्याचे वाचन मूळ आकड्यावर परतले की समतोल झाला असे समजावे. नोंदी अर्ध्या सेकंदाने किंवा त्याहून जलद हव्यात. वेगवेगळ्या आरंभिक विस्थापनांनी किमान तीन चाचण्या घ्या. प्रमाणित केलेले (आरंभिक विस्थापनाने भागलेले) आलेख एकमेकांवर बसले नाहीत, तर स्लग टेस्टवरून जलवाहकता काढण्याचे हॉर्स्लेव्हचे १९५१ चे सूत्र डोळे झाकून लावू नये.

उत्तर २

वरील सूचना योग्य आहेत, परंतु स्लग टेस्ट विहिरीलगतच्या थोड्याशाच खडकाविषयी सांगते, आणि साठवण गुणांकासाठी तिच्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते. २२ मीटरवर निरीक्षण विहीर आयती उपलब्ध असताना उपसा चाचणीच (एका विहिरीतून उपसा करून दोन्हींतील पातळीची घट मोजणे) घ्यावी. तिच्या नोंदींवरून ही मूल्ये काढणारी थाइसची १९३५ ची पद्धत किंवा कूपर–जेकबची १९४६ ची सरळ रेषा एकजिनसी जलधर गृहीत धरते. भेगाळ खडकात हे गृहीतक किती टिकते, ते आलेखाच्या आकारावरून तपासावे लागेल.

माझ्या अनुभवात अशी चाचणी बहुधा विसर्ग मोजण्यात फसते, कारण सर्वांचे लक्ष पातळीकडे असते. सेकंदाला ३ लिटर विसर्ग असेल तर २० लिटरची बादली सात सेकंदांच्या आतच भरते आणि घड्याळाची अर्ध्या सेकंदाची चूक सात टक्क्यांवर जाते. २०० लिटरचे पिंप वापरल्यास तीच चूक एका टक्क्याच्या आत राहते. विसर्ग मोजण्याच्या ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेवर पाण्याची उंची १० सेंमी असेल तर विसर्ग सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, ११ सेंमी असेल तर ५.५ लिटर, म्हणजे एका सेंटिमीटरच्या चुकीने चौथा हिस्सा इकडचा तिकडे होतो. पातळी खाली जाते तसा पंपाला अधिक उंच उपसा करावा लागून विसर्ग घटतो. त्यासाठी झडप सुरुवातीला अर्धवट बंद ठेवून पुढे हळूहळू उघडावी, आणि उपसलेले पाणी परत मुरणार नाही इतके दूर न्यावे.

ट्रान्सड्यूसर जरूर घ्या, पण पल्ला पाहून. पूर्ण पल्ल्याच्या ०.०५ टक्के अचूकता असेल तर १० मीटर पल्ल्यात चूक ५ मिमी, १०० मीटर पल्ल्यात ५ सेंमी. उपसा विहिरीत मोठा पल्ला लागू शकतो, निरीक्षण विहिरीत तो घेणे म्हणजे अचूकता वाया घालवणे. वातावरणाशी न जोडलेला ट्रान्सड्यूसर असेल तर सोबत वायुदाबाची नोंद हवीच, कारण हवेच्या दाबातील एका हेक्टोपास्कलचा बदल पाण्याच्या एक सेंटिमीटरएवढा दिसतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. १०० मीटर पल्ल्याचे दोन संच घेण्याचा विचार होता, तो आता सोडून देतो. उपसा थांबल्यावरही नोंदी चालू ठेवाव्यात का? आणि दोन लॉगरांच्या (ट्रान्सड्यूसरच्या नोंदी साठवणाऱ्या उपकरणांच्या) वेळा कशा जुळवाव्यात?

उत्तर २

अवश्य चालू ठेवाव्यात. पंप बंद असल्याने विसर्गातील चढउतारांचा त्रास पातळी सावरतानाच्या वक्रात नसतो. मात्र पंपाच्या नळात परतरोधक झडप नसेल तर नळातील पाणी विहिरीत कोसळते आणि पहिली काही मिनिटे बिघडतात.

उत्तर ३

पॅकर सध्या नको. वेगवेगळ्या भेगांची जलवाहकता स्वतंत्रपणे हवी असेल तेव्हाच त्याचा उपयोग, आणि तोही भिंत गुळगुळीत असलेली जागा कॅमेऱ्याने शोधून झाल्यावर.

वेळांबाबत: दोन्ही लॉगर एकाच संगणकावरून लावा. शिवाय विहिरीत सोडण्यापूर्वी दोन्ही ट्रान्सड्यूसर पाण्याच्या एकाच बादलीत समान खोलीवर काही मिनिटे ठेवून एकाच क्षणी बाहेर काढा. दोन्ही नोंदींमध्ये ती उडी दिसते, तिच्यावरून वेळेतील फरक कळतो, आणि बादलीतील वाचनांवरून दोघांच्या शून्यातला फरकही वजा करता येतो.