मातीवर ठसा उघड दिसतोय, मग मशीन कशाला?

दुपारचा_प्रेक्षक
एप्रिलमध्ये मॉन्टे कार्लोच्या टेनिस स्पर्धेच्या मॅचेस आपल्याकडे दुपारी अडीचच्या सुमाराला सुरू होतात, म्हणजे जेवण होऊन डोळा लागायची वेळ, तरी मी वर्षानुवर्षं बघतोय कारण माझ्या लेखी क्ले म्हणजे लाल मातीचा सीझन तिथून सुरू होतो. तर विषय असा की २०२५ पासून एटीपीने (पुरुषांची टूर चालवणारी संघटना) टूरवरचे लाईन्समन, म्हणजे बॉल रेषेच्या आत की बाहेर ते सांगणारे पंच, काढून टाकले आणि आता आऊटचा पुकारा मशीन करतं, क्लेवरसुद्धा. हार्ड कोर्टचं ठीक आहे, तिथं कॅमेराच बरा. पण लाल मातीवर बॉलचा ठसा डोळ्यांसमोर पडलेला असतो हो! अंपायर खुर्चीवरून उतरायचा, ठशापाशी वाकायचा, बोटाने दाखवायचा, संपला विषय. आता ठसा बाहेर दिसतोय, मशीन म्हणतंय आत, आणि अंपायरला उतरून बघायची सोयच नाही. त्याच वर्षी माद्रिदला झ्वेरेव्हने दाविदोविच फोकिनाच्या बॉलच्या ठशाचा चक्क मोबाईलवर फोटो काढला तर वॉर्निंग त्यालाच मिळाली! माझं म्हणणं एवढंच, क्लेवर शेवटचा शब्द ठशाचा असावा.

बॅकहँड_एकहाती
असहमत. २०२४ ची मॉन्टे कार्लोची सेमी इतक्यात विसरलात? सिनर विरुद्ध त्सित्सिपास, तिसरा सेट, सिनर ३-१ ने पुढे आणि वर ब्रेक पॉइंट, म्हणजे त्सित्सिपासच्या सर्व्हिसचा गेम जिंकायला एकच पॉइंट हवा. त्सित्सिपासची सेकंड सर्व्ह बाहेर पडली, म्हणजे डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकल्या, पॉइंट सिनरला), म्हणजे ४-१ व्हायला हवं होतं. लाईन्समन गप्प, अंपायरही गप्प. सिनर खेळत राहिला, पॉइंट गेला, पुढे त्याच्या पायात गोळे आले आणि ६-४, ३-६, ६-४ ने मॅच गेली. त्सित्सिपासने दुसऱ्या दिवशी रूडला हरवून कप नेला. ठसा होता की तिथं, रिप्लेमध्ये सगळ्या जगाला दिसला. काय उपयोग झाला त्याचा?

दुपारचा_प्रेक्षक
त्याने थांबायला हवं होतं. ठसा बघायला सांगायचं तर तिथल्या तिथं खेळ थांबवायचा, हा नियम प्रत्येक क्ले प्लेअरला तोंडपाठ असतो.

बॅकहँड_एकहाती
वा! समोरून सर्व्ह येतेय, सेमीफायनल आहे, ब्रेक पॉइंट आहे, आणि रिटर्न मारायचा की थांबून हात वर करायचा हे त्याने एका क्षणात ठरवायचं. थांबला आणि बॉल आत निघाला तर पॉइंट गेला. मग लाईन्समन कशासाठी उभे केले होते, टॉवेल धरायला?

मुरूमवाला
दोघांचंही चाललंय ते ठीक, पण ठसा खरंच खरं बोलतो का हे कुणी बघितलंय? आमच्या जिमखान्यावर दोन मातीची कोर्टं होती (आता एकच उरलंय, दुसऱ्यावर पार्किंग झालं, तो रडण्याचा वेगळा विषय). माळीकाका पहाटे पाणी मारून रोलर फिरवायचे. सकाळी सातला ओलसर मातीवर ठसा पडायचा तो शिक्का मारल्यासारखा, कडा स्वच्छ. त्याच कोर्टवर अकरा वाजता माती सुटी झाली की बॉल घसरत जायचा आणि ठसा लांबडा, शेपटी फुटल्यासारखा, नक्की कुठून सुरू झाला ते आम्ही चौघं गुडघ्यावर बसून ठरवायचो आणि तरी भांडायचो. दुसरी गंमत लाईनची. लाईन म्हणजे प्लास्टिकची पट्टी, खिळे ठोकून बसवलेली, आणि आजूबाजूची माती उडाली की ती पट्टी नखभर वर राहते. बॉल पट्टीच्या मागच्या कडेला निसटता लागला की ठसा पुढच्या मातीत उठतो, मध्ये फट दिसते, आणि तुम्ही शपथेवर सांगाल की बॉल बाहेर होता. रोलाँ गॅरोसला, म्हणजे फ्रेंच ओपनलासुद्धा वरचा विटेच्या भुकटीचा थर जेमतेम दोनेक मिलिमीटर असतो, खाली चुनखडी. एवढ्याशा थरावर किती भरवसा ठेवणार?

तांबडी_माती
मुरूमवाले, पोस्ट आवडली, पण हाच मुद्दा मशीनवर पण उलटतो ना? सकाळची माती आणि संध्याकाळची माती एक नाही, वारा आला की भुकटी उडते, पट्टी वरखाली होते. मग मशीन ज्या कोर्टचं चित्र डोक्यात धरून बसलंय ते कोर्ट दुपारपर्यंत राहिलंच कुठे? आणि मशीन चुकत नाही म्हणणाऱ्यांनी २०२५ चं विम्बल्डन आठवावं. पाव्हल्युचेन्कोव्हाच्या मॅचमध्ये सिस्टीम कुणीतरी चुकून बंद केली होती, बॉल ढळढळीत बाहेर आणि पुकाराच नाही, शेवटी पॉइंट पुन्हा खेळवला.

बॅकहँड_एकहाती
ते बंद केलं माणसानेच ना ताई :)

तांबडी_माती
हो, आणि चालू करायलाही माणूसच लागतो, तेच म्हणतेय. आणखी एक. मॉन्टे कार्लोचा क्लब मोनॅकोत नाहीच मुळी, तो फ्रान्सच्या हद्दीत आहे, रोकब्रून काप मार्तां म्हणून गाव आहे तिथं. त्याच फ्रान्सने रोलाँ गॅरोसला २०२५ मध्येसुद्धा लाईन जज ठेवले आणि अंपायर ठसे बघायला खाली उतरतच होते. म्हणजे एप्रिलमध्ये मशीनचं ऐकायचं आणि मे महिना संपत आला की परत ठशाचं, माती तीच, प्लेअर तेच. हा पोरखेळ नाही तर काय?

गल्लीतला_नदाल
थोडं अवांतर. हेच २०२४ चं मॉन्टे कार्लो, आणि सुमित नागल क्वालिफायिंगमधून आला, आर्नाल्डीला तीन सेटमध्ये हरवलं, क्लेवरच्या मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालची मोठी स्पर्धा) च्या मेन ड्रॉमध्ये सिंगल्सची मॅच जिंकणारा पहिला भारतीय. पुढच्या मॅचला रूनेकडून एक सेटही काढला. त्याच्यावर इथं धागा निघाला नाही, लाईन्समनवर मात्र महाभारत. आपल्याकडे २०१८ ते २०२३ मध्ये पुण्यात बालेवाडीला पाच वेळा टूरची स्पर्धा झाली, ती पण हार्डवर. आपली पोरं क्लेवर सरकायला शिकणार कुठे?

मुरूमवाला
पार्किंगमध्ये :(

दुपारचा_प्रेक्षक
नागलचं मान्य, धागा काढायला हवा होता, माझी चूक. मूळ मुद्द्यावर येतो. मला वैताग मशीनच्या चुकीचा नाही येत. आधी एक प्लेअर रॅकेटने ठशाभोवती गोल काढायचा, दुसरा नेट ओलांडून हळूच बघायला यायचा आणि कधीकधी अंपायर उतरायच्या आधीच पायाने ठसा पुसून टाकायचा, म्हणजे "बरोबर आहे बाबा, पॉइंट तुझा". असं करणाऱ्यांबद्दल आदर वाटायचा. आता सगळे स्पीकरकडे बघतात.

बॅकहँड_एकहाती
सुंदर आठवण. पण त्याच ठशावरून अंपायरशी पाच पाच मिनिटं हुज्जत घालणारे पण तितकेच होते. आणि कुठला ठसा खरा? सेटच्या शेवटी बेसलाईनपाशी पन्नास ठसे असतात, प्लेअर हमखास आपल्याला सोयीचा दाखवतो. मशीन निदान दोघांशी सारखंच वागतं.

गल्लीतला_नदाल
मधला मार्ग काढा की राव. मशीन राहू दे, पण प्रत्येकाला सेटमध्ये एकदा ठसा दाखवायची मुभा द्या.

बॅकहँड_एकहाती
आणि मशीन आत म्हणालं, ठसा बाहेर म्हणाला, तर कुणाचं ऐकायचं?

गल्लीतला_नदाल
ठशाचं.

बॅकहँड_एकहाती
मग मशीन कशाला ठेवायचं?

दुपारचा_प्रेक्षक
शीर्षक वाचा ना धाग्याचं.