मदत हवी आहे : पोडाचा रस्ता नेमका कोणत्या फंडात बसतो?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्हा, केळापूर तालुका. गावापासून आमचा पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, पावणेदोन किलोमीटर. मधे नाला आहे. त्यावरचा रपटा दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. सगळी काळी माती, बंडीची चाकं आसापर्यंत फसतात. गेल्या श्रावणात एका बाईला बाळंतपणासाठी खाटेवर न्यावं लागलं. चार पायांना चौघं आणि पुढे एक जण काठीनं पाणी मोजत. मी तिसऱ्या पायाला होतो.

ग्रामसभेचे तीन ठराव झालेत. एका ऑफिसात म्हणतात, "हा रस्ता नंबरात नाही," म्हणजे सरकारी नोंदीत त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक नाही. दुसरीकडे म्हणतात, "पंचवीस-पंधरातून घ्या, आमदारांचं पत्र आणा." तिसरा म्हणतो, "डीपीसीत टाकू."

मला समजलं ते असं. पंचवीस-पंधरा म्हणजे ग्रामविकास खात्याचा 2515 लेखाशीर्षाचा निधी; त्यात शिफारस हीच पात्रता. डीपीसी म्हणजे जिल्हा नियोजन समिती; तिचे अध्यक्ष पालकमंत्री, तिथंही आपलं माणूस लागतं. पण सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या चौथ्या टप्प्याला माणसं मोजायचा नियम आहे : 2011 ची जनगणना, सपाटीवर 500, पाचव्या अनुसूचीच्या (आदिवासी) भागात 250. आमचा पोड अनुसूचित भागात आहे. घोळ असा की जनगणनेत पोडाची माणसं मूळ गावातच धरली. पोड वेगळा दाखवता येतो का? अन् नंबर कसा मिळवायचा? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा भाऊ.

उत्तर 1 : या योजनेचं एकक वस्ती आहे, महसुली गाव नाही. सपाटीवर 500 मीटरच्या आतली घरंच एकत्र मोजतात, त्यामुळे तुमचा पोड वेगळा धरायला हवा. योजनेच्या सर्वेक्षणात वस्ती नोंदली आहे का ते आधी बघा. नसेल तर पत्रं फिरवून काही होत नाही. नंबरासाठी ग्रामीण मार्गाचा दर्जा मागणारा वेगळा ठराव करून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात द्या. 'रस्ता करून मिळावा' असं मोघम लिहू नका. पांधण कुठून निघते, कुठे जाते, लांबी किती, नाला कुठे, सगळं लिहा.

धागाकर्ता : तिन्ही ठराव काढून पाहिले. तिन्हींत 'रस्ता करून मिळावा' एवढंच आहे. लांबी एकातही नाही. उद्या टेप घेऊन जातो.