मदत हवी आहे: फुल फ्रेम की क्रॉप? (खारफुटीतले पक्षी, शिगमो आणि बेडूक)

सुरंगी (फोंडा)

नमस्कार मंडळी. सध्या कॅनन १२००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एसटीएम. आता मिररलेस (आत आरसा नसलेला) घ्यायचा आहे, पण फुल फ्रेम (मोठा सेन्सर) की क्रॉप (त्याहून लहान सेन्सर) इथंच गाडं अडलंय. काढायचं काय ते आधी सांगते: चोडणच्या खारफुटीत होडीतून पक्षी, रात्रीची शिगम्याची (गोव्यातल्या होळीच्या सणाची) मिरवणूक, आणि पावसात सत्तरीच्या बाजूला बेडूक-साप. प्रिंट फार तर १२ × १८ इंच. सगळं धरून दीड लाखाच्या आसपास बसवायचंय. दुकानात सांगतात, "एकदाच फुल फ्रेमचा आर८ घ्या, पुन्हा बदलायला नको." क्रॉपमध्ये आर१० आणि आर७ पाहिले.

तीन शंका आहेत. क्रॉपमध्ये पक्षी खरंच जवळ येतो का? रात्री फरक किती पडतो? आणि जुन्या लेन्सा चालतील का?

खाजन

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बजेटचं गणित तिथंच ठरतं. तुमच्या दोन्ही लेन्सा ईएफ-एस, म्हणजे क्रॉपसाठी बनवलेल्या. ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावला की तिन्ही बॉड्यांवर ऑटोफोकससकट चालतील. पण आर८ त्या ओळखतो आणि सेन्सरचा मधला भागच वापरतो. २४ मेगापिक्सेलचे उरतात ९ च्या आसपास, रुंदीला साधारण ३७५० पिक्सेल. १८ इंचाच्या प्रिंटला इंचामागे २०८ पिक्सेल मिळाले. भिंतीवर चालून जाईल, पण त्यातून आणखी कापायला वाव राहत नाही, आणि पक्ष्यांच्या फोटोत कापावं लागतंच. आर१० वर त्याच लेन्सला पुरे २४ मेगापिक्सेल.

आता "जवळ येतो का". नाही येत. खंड्या साधारण २४ सेंमीचा धरा, होडीपासून १५ मीटरवर, लेन्स ४०० मिमी. सेन्सरवर त्याची प्रतिमा ६.४ मिमी पडणार, सेन्सर कुठलाही असो. त्या ६.४ मिमीत पिक्सेल किती, हा खरा प्रश्न. आर८ चा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे पक्षी १०७० पिक्सेल लांब. आर१० वर ३.७ मायक्रॉन, सुमारे १७२०. आर७ वर ३.२ मायक्रॉन, म्हणजे २००० च्या घरात. पिसांचा तपशील दिसतो तो या आकड्यामुळे, क्रॉपवर लेन्सचा आकडा १.६ ने गुणतात त्यामुळे नव्हे. फुल फ्रेमवर तेवढाच पक्षी हवा तर ६०० च्या पुढची लेन्स लागेल, आणि बहुतेक वेळा दोन किलोचं ते धूड डुलत्या होडीत हातात धरणं काही खरं नाही. आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे.

तिची खोड मात्र ऐकून ठेवा: ४०० ला ती एफ/८ आहे, म्हणजे प्रकाश कमीच आत घेते. खारफुटीच्या सावलीत शटर १/१६०० सेकंद ठेवायचं तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) ६४०० वर सहज जातो. सकाळी ऊन वर आल्यावर पाण्याच्या मोकळ्या कडेला काढा, आत शिरून नको. होडीत ट्रायपॉडचा उपयोग शून्य.

पाटो

पक्ष्यांचं पटलं. शिगम्याबद्दल मात्र फुल फ्रेमची बाजू मांडायला हवी, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी, कॅननच्या क्रॉपचं ३३२. म्हणजे २.६ पट प्रकाश, साधारण सव्वा ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). एकच ॲपर्चर आणि एकच शटर ठेवलं तर आर८ चा ६४०० आयएसओ आर१० च्या २५०० सारखा दिसेल. रोमटामेळात (शिगम्यातला ढोल-ताशांवरचा सामूहिक नाच) निशाणं नाचवणारे गोठवायला १/२५० तरी हवं, तिथं हा फरक डोळ्यांना दिसतो. आर८ आणि आरएफ ५० एफ/१.८ ही १६० ग्रॅमची लेन्स, एवढ्यात रात्रीचं काम चोख होतं.

खाजन

@पाटो, लेन्स ५० एफ/१.८ असेल तरच. आर८ सोबत जी २४-५० किट येते ती ५० ला एफ/६.३ आहे. त्यापुढे आर१० वर सिग्मा ३० एफ/१.४ लावा: दृश्य ४८ मिमीचं, आणि फुल फ्रेमच्या भाषेत एफ/२.२. क्रॉप इथं तब्बल तीन स्टॉपनी पुढे. तुमच्या ५० एफ/१.८ शी तुलना केली तर तो मागे पडतो, पण जेमतेम सहा-सात दशांश स्टॉपनं. तेवढं काम डीनॉईज (दाणे घालवणारं सॉफ्टवेअर) करून देतं.

पाटो

मान्य. मग सुरंगीताई, वाक्य असं वाचा: किट लेन्सवर रात्र काढायची असेल तर फुल फ्रेमचा खर्च वाया.

आणि सेन्सरपेक्षा जास्त फोटो खराब होतात ते चित्ररथांवरच्या एलईडीमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर फोटोवर आडवे काळसर पट्टे येतील. मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर चालू ठेवा. कॅमेरा उजेडाच्या टोकाला शटर मारतो. चित्ररथ थांबलेला असेल तर सरळ १/१०० किंवा १/५०. जनरेटरवरचे दिवे आणि एलईडी पडदे कधीकधी कशालाच दाद देत नाहीत, तिथं एक फोटो काढून मोठा करून बघणं एवढाच इलाज.

घाटवाट

बेडकांकडे कोणी वळलंच नाही. तिथं सेन्सरचा वाद जवळजवळ संपतो, कारण फ्लॅश असतो. आयएसओ २००, एफ/११, १/२००, डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं झाकण) लावलेला फ्लॅश. एवढ्यात क्रॉप-फुल फ्रेम ओळखून दाखवणारा विरळा.

वर सांगितलेली १००-४०० इथंही उपयोगी आहे. ती सेन्सरवर वस्तूची ०.४१ पट प्रतिमा पाडते, म्हणजे क्रॉपवर चौकटीची रुंदी ५४ मिमी. पाच सेंमीचा बेडूक चौकट भरून येतो, तोही मीटरभर लांबून. समोर चापडा (विषारी साप) असेल तर हे अंतर चैन नव्हे, गरज आहे. अगदी छोट्या बेडकांना वेगळी मॅक्रो लागेल, ती पुढच्या पावसाला बघा. एकाच प्राण्यावर फ्लॅशचा मारा करू नका, आणि अभयारण्यात रात्री शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी.

सुरंगी

देव बरें करूं सगळ्यांना! मग आर१० की आर७? आणि १८-५५ चं काय करू?

खाजन

आर७ मध्ये बॉडीतच स्थिरीकरण आहे, दोन कार्डं, मोठी बॅटरी आणि पावसाच्या शिंतोड्यांपासून बंदोबस्त. आर१० मध्ये यातलं एकही नाही. पण आर७ घेऊन १००-४०० राहून जाणार असेल तर आर१० आणि लेन्स हाच क्रम. आर७ चं इलेक्ट्रॉनिक शटर वेगानं फडफडणारे पंख वाकडे करतं, पक्ष्यांना मेकॅनिकलच ठेवा. तेही सेकंदाला १५ फ्रेम देतं.

१८-५५ ठेवा, विकून फारसं काही येत नाही. अडॅप्टरवर दिवसाच्या मिरवणुकीला पुरेल. ३० एफ/१.४ शिगम्याच्या आधी घेतली तरी चालेल, १००-४०० मात्र पहिल्याच खरेदीत.

घाटवाट

त्याच बिलात ड्राय कॅबिनेट किंवा निदान हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक धरा. ४० ते ५० टक्के ठेवा. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या बॅगेत लेन्सला बुरशी धरते. फार कोरडंही नको, रबर आणि वंगण बिघडतं. आणि एसीतून बाहेर पडलात की बॅग वीस-तीस मिनिटं उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरून अर्धी सकाळ पुसण्यात जाईल.